दिल्ली बघायला येताय? विचारा की!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की दिल्लीला येणार असाल तर काय विचारायचं ते बिनधास्त विचारा, आणि संपादकांनी पिशवीभर पत्रं न् ईमेल पाठवून दिल्या. सगळ्यांना उत्तर देणं काही जमायचं नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत. ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, मी मूळची सांगलीची, १९९६ ला लग्न होऊन इकडं आले, आणि तेव्हापासून दिवाळी म्हणू नका मे महिना म्हणू नका, आमच्याकडं गावचं कुणी ना कुणी उतरलेलं असतंच. त्यांना फिरवून फिरवून जे कळलं ते सांगते, मी काही इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही.

ताई, आम्ही डिसेंबरच्या शेवटी चार दिवस येतोय. मोठी माणसं सहा, पोरं तीन, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. ग्रुपवर कुणीतरी १९ ठिकाणांची यादी टाकलीय, त्यात एक दिवस आग्रासुद्धा आहे. सगळं बसेल ना? – एक सून, नाशिक

नाही बसणार, आणि बसवूही नकोस. ही यादी मला ओळखीची आहे, दरवर्षी कुणीतरी ती फॉरवर्ड करतंच. त्या यादीनं फिरलेले आमचे पाहुणे परत जाताना फोटो बघत विचारतात, "हे कुठलं गं? कुतुबमिनारजवळचं का हुमायूनजवळचं?"

दिवसाला दोन जागा धर, त्यापण एकमेकींच्या जवळच्या. दिल्ली अंगानं मोठी आहे, नकाशात बोटभर दिसतं ते अंतर गाडीनं दीड तास खातं. एक दिवस दक्षिणेला कुतुबमिनार, वाटलं तर परतताना हौज खास, दोन्ही मेट्रोच्या यलो लाइनवर आहेत. एक दिवस जुनी दिल्ली, लाल किल्ला, जामा मशीद, चांदनी चौक. तिसऱ्या दिवशी हुमायूनचा मकबरा आणि त्याच्या शेजारी 'सुंदर नर्सरी' नावाची बाग, तिथं पोरं हिरवळीवर लोळतील न् सासूबाई उन्हात बसतील. चौथा आग्र्याला गेला. संपले चार दिवस. जंतरमंतर राहिलं तर राहू दे, आणि इंडिया गेट रात्री जेवल्यावर गाडीतून उतरून बघता येतं.

आता वार. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. हे वाक्य कापून पर्समध्ये ठेव. आमच्या नणंदेच्या सासरची अकरा माणसं एका सोमवारी सकाळी नऊ वाजता लाहोरी दरवाजासमोर उभी होती, मी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं पण त्यांच्या ड्रायव्हरनं छातीठोकपणे "खुला है जी" म्हटलेलं. मग काय, समोरच्या फूटपाथवर चणे खात किल्ल्याची भिंत बघितली. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या मागंपुढंही किल्ला काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा त्या सुमाराला येणाऱ्यांनी आधी चौकशी करा.

गुडघ्यांचं म्हणशील तर कुतुबचा परिसर बराचसा सपाट आहे, लाल किल्ला पण आतून सपाटच आहे पण चालणं भरपूर, बॅटरीवाली गाडी असली तर घ्या. हुमायूनच्या मकबऱ्याला चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, सासूबाईंना खालीच बसवा, खालून पण तो पूर्ण दिसतो आणि मला विचारशील तर खालूनच जास्त छान दिसतो. जामा मशिदीच्या पायऱ्याही खूप आहेत. त्यांना तिथं नेऊ नकोस.

आणि डिसेंबरचा शेवट म्हणजे धुकं. आग्र्याला पहाटे निघायचं म्हणून चारला उठाल, हायवेवर गाडीच्या पुढचं काही दिसणार नाही, आणि पोचाल तेव्हा ताजमहालही दिसणार नाही, नुसता पांढरा पडदा. आमच्या मेव्हण्यांनी तो पडदा दीड तास बघितलाय. थोडं उशिरा निघा, दुपारचं ऊन धरा. खरंतर तारखा बदलता येत असतील तर फेब्रुवारीच्या मध्यावर या, तेव्हासारखी दिल्ली वर्षभरात परत नसते. नोव्हेंबरात प्रदूषण, मे-जूनला पारा पंचेचाळीसला टेकतो, पावसात उकडतं.

कुतुबमिनारवर आतून चढता येतं का? माझे आजोबा म्हणतात ते वर गेले होते. आणि रील काढायला ट्रायपॉड चालतो का? – बी.एस्सी. दुसरं वर्ष, लातूर

आजोबा खरं सांगतायत. पूर्वी वर जाता यायचं. ४ डिसेंबर १९८१ ला आतले दिवे गेले, अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसं गेली, त्यात बहुतेक शाळेच्या सहलीला आलेली मुलं. तेव्हापासून आतला जिना बंद तो बंदच. ३७९ पायऱ्या आहेत, आत दोन माणसं समोरासमोर आली की अंग चोरावं लागायचं असं जुने लोक सांगतात.

ट्रायपॉडला परवानगी लागते, गेटवरच अडवतील, ड्रोनचं तर नावच काढू नको. मोबाईलवर काय काढायचं ते काढ. पण मिनारासमोर हात वर करून त्याचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो काढणार असशील तर प्लीज नको रे, माझ्याकडं तसले चाळीस आहेत.

त्यापेक्षा तीन गोष्टी बघ. एक, मिनाराच्या बाजूच्या मशिदीचे खांब. सत्तावीस देवळांचं सामान वापरल्याचं तिथल्याच फारसी शिलालेखात लिहिलंय, आणि खांबाजवळ उभं राहिलं की साखळीला लटकलेल्या घंटा, फुलांच्या माळा, झिजलेल्या मूर्ती अजून दिसतात. एका खांबावर दुसरा तुकडा ठेवून उंची जुळवलीय, तो सांधा शोध. दोन, लोखंडी खांब. सव्वासात मीटर उंच, वजन सहा टनांच्या वर, गुप्तकाळातला, चंद्र नावाच्या राजाचा लेख त्यावर आहे आणि सोळाशे वर्षांत गंजून गेला नाही. तू सायन्सचा आहेस म्हणून सांगते, आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर खूप काम केलं, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळं पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होऊन तोच लोखंडाला राखतो, असं ते. पूर्वी खांबाला पाठ लावून मागं दोन्ही हात जुळले की इच्छा पूर्ण व्हायची, मी पण १९९६ ला हात जुळवून बघितले होते (नाही जुळले). लोकांच्या त्या मिठ्यांनी खांब चकचकीत व्हायला लागला म्हणून १९९७ ला भोवती कठडा घातला.

तिसरी गोष्ट बहुतेक गाईड दाखवतच नाहीत. हिरवळीवर एका बाजूला एक दगडी छत्री नुसतीच बसलेली दिसेल, कुणाचं थडगं नाही काही नाही. मेजर रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनीयरनं १८२८ ला मिनाराची दुरुस्ती करताना स्वतःच्या डोक्यानं ती मिनाराच्या टोकावर चढवली, बंगाली पद्धतीची. दिसायला इतकी विजोड की वीस वर्षांनी, १८४८ ला, गव्हर्नर जनरल हार्डिंगनं ती उतरवायला लावली आणि तेव्हापासून ती खाली शिक्षा झाल्यासारखी बसलीय. तिला 'स्मिथची मूर्खता' असंच म्हणतात. माझी फार आवडती जागा आहे ती.

तिकीट भारतीयांना काउंटरवर चाळीस आणि ऑनलाइन पस्तीस, पंधरा वर्षांखाली फुकट. शनिवार-रविवारी लाइन बघितलीस तर मोबाईलवर काढशीलच. आणि मिनार झाला की लगेच बसमध्ये बसू नकोस, मागंच मेहरौली आर्किऑलॉजिकल पार्क आहे, फुकट आहे आणि गर्दी नसते. राजों की बावली नावाची लोदी काळातली विहीर आहे तिथं, आणि सुलतान बलबनची पडकी कबर, जिथं भारतातली पहिली खरी कमान (पाचरीसारखे दगड एकमेकांना टेकवून तोललेली) बघायला मिळते असं म्हणतात. मात्र संध्याकाळी उशिरापर्यंत तिथं रेंगाळू नका.

मी निवृत्त इतिहास शिक्षक. दिल्लीत मराठ्यांचं नेमकं काय शिल्लक आहे? अटकेपार झेंडे लावले म्हणतो आपण, पण तिथं गेल्यावर दाखवायला एक दगड तरी आहे का? – सातारा

गुरुजी, तुमच्या पत्रानं मला दोन दिवस झोप नाही. मी पण नवीन आले तेव्हा हाच प्रश्न घेऊन फिरायचे. दगड फार नाहीत, पण जागा आहेत, आणि सगळ्यात मोठी खूण तर नसलेल्या गोष्टीची आहे.

तुम्ही लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासपर्यंत जा. पांढऱ्या संगमरवराचा मंडप, खांबांवर रंगीत दगडांची फुलं, भिंतीवर ती स्वर्ग इथंच आहे म्हणणारी फारसी ओळ. लोक तिथं थांबून मयूरासनाबद्दल ऐकतात, ते १७३९ ला नादिरशहानं नेलं. सगळे त्या रिकाम्या जागेकडं बघतात. तुम्ही मान वर करा. आज दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत नंतरचं आहे, मूळ छताला चांदी होती. ती नादिरशहाच्या लुटीनंतर जी काही राहिली होती ती १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर उतरवली आणि वितळवून तिचे रुपये पाडले. कारण साधं होतं, फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. दक्षिणेतून पैसा येईना, आसपासचा मुलूख आधीच ओरबाडलेला, आणि समोर अब्दाली. मराठ्यांना येऊन मिळालेल्या भरतपूरच्या सूरजमल जाटाला हे रुचलं नाही असं सांगतात, तो निघूनही गेला. पाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत.

मी तिथं पाहुण्यांना हे सांगते तेव्हा काहीजण खूश होतात, आपण लाल किल्ल्याचं छत काढलं म्हणून. मला नाही तसं वाटत. मला त्या छताखाली दरवेळी असं वाटतं की घरातली भांडी विकून पगार भागवायची वेळ आली होती, आणि भांडी पण दुसऱ्याच्या घरातली.

आता जागा. तालकटोरा तुम्हाला ठाऊक असेलच, १७३७ च्या मार्चच्या अखेरीला पहिल्या बाजीरावांनी दिल्लीवर झडप घातली तेव्हा त्याच भागात तळ होता, आणि बाहेर आलेल्या मोगल फौजेचा तिथंच पराभव झाला. दिल्ली जाळायचा विचार आधी होता पण मग सोडून दिला, असं त्यांनी चिमाजीअप्पांना पत्रात लिहिलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये झालं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या, मी गेले होते, पुस्तकांच्या स्टॉलवर सांगलीचे चार ओळखीचे भेटले. कालकाजीचं देऊळ बघा, त्याचा आत्ता उभा असलेला सगळ्यात जुना भाग १७६४ च्या सुमाराला मराठ्यांनी बांधला असं मानतात, मात्र नवरात्रात जाऊ नका, चेंगराल.

पण आपण पानिपतावर थांबतो ना, तिथं चूक होते. खरी दिल्ली त्यानंतरची आहे. १७७१ ला महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, पुढच्या जानेवारीत मोगल बादशहा शहाआलमला तख्तावर आणून बसवलं. १७८८ ला गुलाम कादिर या रोहिला सरदारानं त्याच लाल किल्ल्यात बादशहाचे डोळे काढले तेव्हा त्याला हाकलून किल्ला परत घेणारे मराठेच, आणि मग १८०३ पर्यंत बादशहा शिंद्यांच्या संरक्षणात. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून घेतली असं आपण पोरांना शिकवतो ते अर्धंच. ती शिंद्यांच्या फौजेशी लढून घेतली, ११ सप्टेंबर १८०३ ला, यमुनेच्या पलीकडं पटपडगंजला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज कुठं आहे माहितीये? नोएडाच्या गोल्फ कोर्सवर! लोक आजूबाजूला गोल्फ खेळतात. आत सोडतील याची खात्री मी देत नाही, विनंती करून बघा.

आणि एक दिवस पानिपतला जाऊन या, नव्वदेक किलोमीटर आहे. काला आंब म्हणून स्मारक आहे. तिथं मोठं असं काही नाही, पण तुम्ही जा.

मी न्यू जर्सीला असते, माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, मिस्टर अमेरिकनच आहेत. तिकीट परदेशी माणसाचं काढायचं का? – मूळची ठाण्याची

तुझं भारतीय दरानं, ओसीआयवाल्यांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना) राष्ट्रीय स्मारकांच्या तिकिटात आपल्यासारखीच सवलत आहे, कार्ड मात्र जवळ ठेव, मोबाईलमधल्या फोटोवर खिडकीतला माणूस वाद घालतो. जावईबापूंना कुतुब आणि हुमायूनला काउंटरवर सहाशे रुपये पडतील. भारतीय पासपोर्ट असेल तर माणूस कुठंही राहत असो, भारतीयच दर. मराठीत बोलून पटवायला जाऊ नकोस, आमच्या भाचीनं करून बघितलंय.

खरं बोलू का ताई, हुमायूनच्या मकबऱ्यात बघायचं काय? शेवटी थडगंच ना? आम्ही गेलो, पंधरा मिनिटांत बाहेर आलो. – संभाजीनगर

तुमच्याकडं बीबी का मकबरा आहे म्हणून हा रुबाब! चालेल. पण पंधरा मिनिटं म्हणजे तुम्ही सरळ चालत जाऊन, एक सेल्फी घेऊन, वळून आलात.

हुमायून स्वतः १५५६ च्या जानेवारीत पुराना किल्ल्यातल्या शेरमंडलच्या जिन्यावरून पडून गेला. पायऱ्या उतरत होता, अजान ऐकून गुडघे टेकायला गेला, पाय घोळात अडकला. ही इमारत त्याच्या बेगमेनं, हाजी बेगमनं, उभी केली, मिरक मिर्झा घियास हा वास्तुकार, आणि ताजमहालाच्या आधी साठ-सत्तर वर्षं हे झालं. ताजची तालीम म्हणा हवं तर.

पण मला तिथली आवडती गोष्ट म्हणजे दुरुस्ती. आगा खान ट्रस्टनं पुरातत्त्व खात्याबरोबर काम केलं, ते २०१३ ला पुरं झालं. आधीच्या शतकात गच्चीवर थरावर थर सिमेंट ओतलं होतं, ते मजुरांनी हातानं फोडून काढलं, का तर छतावर तो नुसता भार होता आणि पाणीही मुरत होतं. मग चुन्यात काम केलं, चुना भिजवून ठेवायचा, मळायचा, आपल्याकडं वाड्याच्या भिंतींना करायचे तसं. छत्र्यांवरच्या निळ्या-हिरव्या फरशा बनवण्याची कला इथं विसरली गेली होती, ती निजामुद्दीन बस्तीतल्या पोरांना शिकवून फरशा परत बनवल्या. जवळून बघा, सगळ्या एका रंगाच्या नाहीत, प्रत्येक फरशीचा निळा थोडा वेगळा, भट्टीत जशी शेकली तशी.

२०१४ च्या मे महिन्यात आमच्याकडं जी वावटळ आली होती, आमच्या गच्चीवरची टाकी उडाली होती त्यात, तिनं घुमटावरचा तांब्याचा कळसच खाली पाडला. अठरा फुटी. दोन वर्षांनी नवा बसवला. आता आवारात जमिनीखाली नवं म्युझियम झालंय, २०२४ ला उघडलं, त्यात जुना कळस ठेवलाय. एरवी दीडशे फुटांवरून दिसणारी वस्तू समोर उभी असते, आपल्यापेक्षा तिप्पट उंच.

आणि १८५७ चा शेवट इथंच झाला. सप्टेंबरात दिल्ली पडल्यावर बहादूरशहा जफर इथं येऊन लपला आणि हडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला इथूनच पकडून नेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरांना गोळ्या घातल्या, ती जागा खूनी दरवाजा, तिथून थोड्याच अंतरावर, रस्त्याच्या मधोमध, रोज हजारो गाड्या बाजूनं जातात. फाळणीत ह्याच बागेत निर्वासितांचे तंबू होते. आता परत जा, आणि प्रवेशद्वारातून आत गेल्यावर उजवीकडं वळून आधी इसा खानची अष्टकोनी कबर बघा. चहा पिऊन जा म्हणजे घाई होणार नाही.

एकटी मुलगी फिरली तर चालतं का? मला फिरोजशहा कोटलाला गुरुवारी जायचंय, तिथं जिन्नांना, म्हणजे अदृश्य आत्म्यांना, चिठ्ठ्या लिहितात म्हणे. घरचे ओरडतायत. – कोल्हापूर

अगं घरच्यांचं ओरडणं जिन्नांमुळं आहे का एकटं जाण्यामुळं? दिवसाउजेडी मुली सगळीकडं एकट्या फिरतात इथं, मेट्रोत बायकांचा पहिला डबा वेगळा असतो, तो धर. अंधार पडायच्या आत सुनसान जागेतून बाहेर. स्टेशनबाहेर "मॅडम वो तो आज बंद है, चलो मैं दिखाता हूँ" असं कुणी म्हणालं की ओळखायचं, त्याला तुला दुकानात न्यायचंय. कनॉट प्लेसला 'सरकारी' टुरिस्ट ऑफिस म्हणून पाट्या लावलेली खाजगी दुकानं ढीगभर आहेत, त्यांत शिरू नकोस.

कोटला, म्हणजे फिरोजशहाच्या पडक्या किल्ल्याचं आवार, मेट्रोनं सोपा आहे, व्हायोलेट लाइनचं दिल्ली गेट स्टेशन. गुरुवारी खरंच गर्दी असते. तळघरासारख्या काळ्या झालेल्या खोल्या आहेत, भिंतींना मेणाची पुटं, धूर, कोनाड्यात दिवे, आणि झेरॉक्स काढलेले अर्ज. हो, झेरॉक्स! एकेका खोलीत एकेक प्रत, सरकारी खात्यात अर्ज देतात तसे, खाली पत्ता, कुणी तर पासपोर्ट साइज फोटो पण चिकटवतो. नोकरी, कोर्टाची तारीख, मुलीचं लग्न. मी एकदा वाचायला वाकले तर एक म्हातारी म्हणाली, "बेटी, दूसरे का खत नहीं पढ़ते." तेव्हापासून मी वाचत नाही, तूही वाचू नकोस आणि फोटोही काढू नकोस.

पण वर जा. चढत्या दगडी इमारतीच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं चौदाव्या शतकात तो टोप्राहून आणला, आत्ताच्या हरियाणातून. भोवती कापूस आणि वेत गुंडाळून आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घातला, मग नावांवरून यमुनेतून. त्यानं पंडितांना बोलावलं, ह्यावर लिहिलंय काय? कुणालाही वाचता येईना. पाचशे वर्षं सगळे त्याच्याकडं नुसते बघत राहिले, १८३७ ला जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली तेव्हा कळलं की हे तर अशोकाचे आदेश. आणि पलीकडं भिंतीला लागून क्रिकेटचं स्टेडियम आहे, कुंबळेनं १९९९ ला पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट घेतल्या तेच, घरच्यांना तेवढं सांग, वडील नक्की सोडतील.

गाईड करावा का? मागच्या वेळी आमच्या गाईडने जे सांगितलं ते सगळं खोटं निघालं. – पुणे

पुण्याहून असं पत्र आलं नसतं तरच नवल. गाईड करा पण पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला करा आणि पैसे आधी ठरवा. खोटं सगळेच थोडं थोडं सांगतात, भुयार थेट आग्र्यापर्यंत जातं, कारागिरांचे हात तोडले, अमक्या खिडकीतून राणी बघायची. प्रत्येक किल्ल्यात तेच भुयार असतं, आपल्या रायगडावर पण ऐकलंय मी. त्याला तारीख विचारायची नाही, त्याला विचारायचं "इथं तुम्ही लहानपणी खेळायचात का?" मेहरौलीतल्या एका गाईडला मी हे विचारलं तर त्यानं बावलीत पोहल्याच्या, सूर मारल्याच्या गोष्टी सांगितल्या अर्धा तास, भुयार विसरला.

खायचं काय, आणि चार दिवसांनी घरचं जेवण मिळेल का? – बऱ्याच जणांनी विचारलंय

घरचं हवं तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं कँटीन. पण एक वेळच जा, दिल्लीत येऊन चार दिवस झुणका काय खायचा. लाल किल्ला झाला की चांदनी चौकात शिरा, तिथला मुख्य रस्ता आता दिवसा गाड्यांना बंद आहे, चालता येतं, दरीबा गल्लीच्या कोपऱ्यावर जाड जिलबी घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी सकाळी गल्लीच्या तोंडाशी लाल कपडा झाकलेली मोठी परात घेऊन माणूस बसलेला दिसेल, ती दौलत की चाट. नाव चाट, पण आहे दुधाचा फेस, वर केशर, खवा, बुरा साखर. चमच्यात घेतली की तोंडात जायच्या आधीच निम्मी बसते, त्यामुळं उभ्या उभ्या तिथंच खायची, सासूबाईंसाठी हॉटेलवर पार्सल न्यायचं नाही. नाशिकच्या सूनबाई, हे तुमच्यासाठी.